तारापूरचा हिशेब कोणाला?

वाढवण बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते बसविण्यात आली. तेव्हापासून, किंबहुना त्याच्या फार आधीपासून, डहाणूच्या किनाऱ्यावर जो वाद चालू आहे त्यात मच्छीमारांच्या उपजीविकेचा, बागायतीचा, आदिवासी वस्त्यांचा आणि देशाच्या व्यापाराचा विचार पुष्कळ झाला. मात्र एका गोष्टीचा उच्चार जितका व्हावयास हवा होता तितका झालेला नाही. वाढवणच्या दक्षिणेस अवघ्या दहा-बारा किलोमीटरांवर तारापूरचे अणुसंकुल उभे आहे. त्यातच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुशक्तीविषयक नवा कायदा संमत केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा व २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा या दोहोंची जागा त्याने घेतली आणि अणुविजेच्या क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना उघडून दिले. या दोन घटनांमुळे एक जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला आहे : तारापूरवर नजर कोणाची आहे, आणि तारापूरने आपला हिशेब कोणाला द्यावयाचा?

या प्रश्नाला एक ठरीव उत्तर आहे. तारापूर आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आहे, व्हिएन्नाच्या अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तेथे येतात, मग काळजीचे कारण काय, असे विचारले जाते. हे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि अपुऱ्या उत्तरावर विसंबून राहण्याची सवय या देशाला पन्नास वर्षांहून अधिक काळ लागलेली आहे. म्हणूनच ही आंतरराष्ट्रीय नजर नेमकी कशावर आहे, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

तारापूर हे एकच केंद्र आहे असे आपण बोलताना धरून चालतो. वस्तुतः तेथे एका कुंपणाशेजारी दुसरे कुंपण आहे. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या दोन जुन्या अणुभट्ट्या तेथे आहेत. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास प्रारंभ केला आणि त्या देशातल्या पहिल्या ठरल्या. त्यांच्या शेजारी २००५ व २००६ मध्ये सुरू झालेल्या, प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या स्वदेशी भट्ट्या आहेत. आणि त्याच परिसरात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अखत्यारीत, वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारे कारखाने, इंधन बनविणारा विभाग आणि किरणोत्सर्गी कचरा काचेत बंदिस्त करणारा विभाग आहे. यांपैकी पहिल्या दोन भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आहेत. तिसरी व चौथी नाहीत. २००६ साली मुलकी व लष्करी अणुकार्याची जी विभागणी भारताने जाहीर केली, तीत या दोन्ही भट्ट्या तपासणीच्या बाहेर राखण्यात आल्या. पुनर्प्रक्रियेच्या कारखान्याविषयी त्या वेळी असे मान्य करण्यात आले की, तपासणीखालील इंधन जेव्हा तेथे हाताळले जाईल तेवढ्या मुदतीपुरती तपासणी राहील. म्हणजे एकाच गावाच्या शिवारात जगाच्या डोळ्यांसमोरचे, जगाच्या डोळ्यांआडचे आणि अधूनमधून डोळ्यांसमोर येणारे अशी तीन प्रकारची अणुकार्ये नांदत आहेत.

ही विचित्र घडण अपघाताने झालेली नाही. अमेरिकेबरोबरचा तारापूरचा करार ८ ऑगस्ट १९६३ रोजी झाला. अमेरिकेने समृद्ध युरेनियम पुरवावयाचे आणि भारताने त्याचा वापर केवळ शांततेच्या कार्यासाठी करावयाचा, हा त्यातील सौदा. ज्या डॉ. होमी भाभांनी हा प्रकल्प मार्गी लावला त्यांनीच १९५६ साली आंतरराष्ट्रीय संस्थेची घटना तयार होत असताना तपासणीच्या कडक तरतुदींना विरोध केला होता. ज्यांच्यापाशी आधीच सर्व काही आहे ते मोकळे आणि ज्यांना बाहेरून मदत घ्यावी लागते तेवढेच तपासणीखाली, ही विषमता त्यांना खुपत होती. तिच्यात तथ्य होते. तरीही तारापूरपुरती तपासणी भारताने पत्करली, कारण त्याखेरीज भट्ट्या मिळत नव्हत्या. २७ जानेवारी १९७१ च्या त्रिपक्षीय करारान्वये ही जबाबदारी व्हिएन्नाच्या संस्थेकडे आली.

पुढचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे, तथापि त्यातील तारापूरचा भाग सहसा विस्मृतीत जातो. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे स्फोट झाला. त्यासाठीचे प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भ्याच्या सायरस भट्टीतले होते, जिला कॅनडाने सामग्री व अमेरिकेने जड पाणी दिले होते आणि जिच्यावर निरीक्षकांची तपासणी नव्हती. परंतु शिक्षा भोगली ती तपासणीखालच्या तारापूरने. अमेरिकेने १९७८ साली कायदा करून अशी अट घातली की, ज्या देशाची सर्वच अणुकेंद्रे तपासणीखाली नाहीत त्याला इंधन द्यावयाचे नाही. १९८० साली अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन पाठविण्यास संमती दिली तेव्हा प्रतिनिधीगृह विरोधात गेले आणि सिनेटमध्ये तो निर्णय ४८ विरुद्ध ४६ अशा अवघ्या दोन मतांनी तरला. मुंबईच्या गिरण्यांना व घरांना मिळणारी वीज वॉशिंग्टनमधील दोन सभासदांच्या हातावर अवलंबून राहावी, असा तो प्रसंग होता. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची तडजोड झाली. नंतर चीन व रशिया यांच्याकडूनही ते आले. १९९३ साली मूळ कराराची मुदत संपली, तरी भारताने स्वेच्छेने तपासणी चालू ठेवली. अखेर २००८ साली व्हिएन्नाच्या संस्थेशी नवा करार मान्य झाला, पुरवठादार राष्ट्रांनी ६ सप्टेंबर २००८ रोजी भारतावरील बंधने उठविली आणि २०१४ मध्ये तपासणीचा पूरक मसुदाही लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने भाभा केंद्राचे नाव आपल्या निर्बंधांच्या यादीतून काढले, तेव्हा या दीर्घ प्रकरणाचा एक खंड संपला असे म्हणावयास हरकत नाही.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय तपासणीचा जन्म शस्त्राच्या भीतीतून झाला आहे आणि तिचे काम तेवढेच आहे. निरीक्षक येतो तो इंधनाच्या जुडग्यांची मोजदाद करावयास. तो दप्तरे तपासतो, साठवण-तलावांवरील कॅमेऱ्यांची चित्रे पाहतो, लाखेच्या मोहोरेप्रमाणे लावलेल्या सीला शाबूत आहेत की नाहीत हे बघतो. किती युरेनियम आले, किती जळले, त्यातून किती प्लुटोनियम झाले आणि ते जेथे असावयास हवे तेथे आहे काय, इतकाच त्याचा प्रश्न. हिशेब जुळला की त्याचे काम संपले. नळ्यांना भेग गेली आहे काय, कामगाराच्या अंगावर किरणांची मात्रा किती पडली, समुद्रात सोडलेल्या पाण्यात काय आहे, संकट आल्यास घिवलीच्या अथवा चिंचणीच्या माणसाने कोणत्या वाटेने बाहेर पडावयाचे, हे त्याच्या वहीत नसते. पूर्वी शाळांत दिपोटी येत. ते हजेरीपट व जमाखर्च पाहून शेरा लिहीत आणि परत जात. तो शेरा चांगला आला म्हणून पोरांना गणित येते असे कोणताही सुज्ञ पालक समजत नसे.

व्हिएन्नाची संस्था सुरक्षिततेचे काम करीतच नाही असे मात्र नव्हे. युक्रेनमधील झापोरिझ्झिया येथे सप्टेंबर २०२२ पासून तिचे तज्ज्ञ मुक्कामास राहिले आणि तेथील अवस्था जगाला सांगत आले. आपल्याकडेही २०१२ मध्ये राजस्थानच्या केंद्रातील दोन भट्ट्यांची सुरक्षितता पाहण्यास तिचे पथक सरकारच्या निमंत्रणावरून आले होते. परंतु ही मदत निमंत्रणावर अवलंबून असते. शस्त्राविषयीची तपासणी करारबद्ध आहे. जीविताविषयीची तपासणी ज्या त्या राष्ट्राच्या मर्जीवर आहे. ती आपली आपणच करावयाची आहे, आणि आपला दुबळेपणा नेमका तेथेच आहे.

हे आमचे एकट्याचे मत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले ते एका सरकारी आदेशाने. ते ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी, त्या आयोगाचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा विभागाचे सचिव. आणि ज्या भट्ट्यांवर मंडळाने लक्ष ठेवावयाचे त्या भट्ट्याही त्याच विभागाच्या. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच घरचे, अशी ही व्यवस्था होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात या दुय्यम दर्जावर बोट ठेवले, नियमभंगासाठीचे दंड अगदीच क्षुल्लक असल्याचे दाखविले आणि देशाचे किरणोत्सर्ग-सुरक्षा धोरणच तयार झालेले नाही, याची नोंद केली. स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक २०११ मध्ये लोकसभेत आले होते. पंधराव्या लोकसभेबरोबर ते लयास गेले. २०१५ साली खुद्द व्हिएन्नाच्या संस्थेच्या परीक्षण-पथकाने, मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यात गोवावे, असे सुचविले. तारापूरच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट २००० साली घडली. त्या वर्षी भाभा केंद्राच्या कारखान्यांवरील देखरेख नियामक मंडळाकडून काढून घेण्यात आली आणि केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे सोपविण्यात आली. परिणामी असा प्रसंग उद्भवू शकला की, ज्या पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात काही काळ व्हिएन्नाच्या निरीक्षकाला प्रवेश आहे तेथे आपल्याच देशाच्या नियामक मंडळाला हक्काने पाऊल टाकता येऊ नये.

नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पंचवीस-तीस वर्षांची मागणी त्यामुळे अंशतः पुरी झाली. परंतु दर्जा कायद्याच्या एका कलमाने मिळतो. स्वातंत्र्य नेमणुकीने, पैशाने आणि वागणुकीने मिळते. मंडळावर माणसे कोण निवडणार, त्यांचा खर्च कोणाच्या हातून येणार, त्यांचे अहवाल थेट संसदेपुढे जाणार की विभागाच्या टेबलावरून जाणार, यावर सर्व काही अवलंबून आहे. त्याच कायद्याने काही माहिती प्रतिबंधित ठरविण्याचा अधिकारही सरकारकडे ठेवला आहे. या अधिकाराचा वापर जर जुन्या सवयीने झाला, तर वैधानिक मंडळाचे अहवालही वैधानिक कपाटात बंद होतील. खासगी कंपन्या या क्षेत्रात येणार असताना तर हा धोका दुप्पट होतो. सरकारी खाते राष्ट्रहिताच्या नावाने गुप्तता पाळते. कंपनीला धंद्याच्या गुपिताचे आणखी एक निमित्त मिळेल.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. तारापूरच्या काही भागाचा देशाच्या संरक्षणाशी संबंध आहे; तेथील सर्वच गोष्टी चव्हाट्यावर मांडणे परवडणारे नाही, असे म्हटले जाते. हे आम्हांस मान्य आहे. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले, हे जगाने पाहिले. अशा काळात प्लुटोनियमच्या साठ्याचे आकडे छापा, अशी मागणी कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. परंतु गुप्ततेचा हा मुद्दा किती ताणावयाचा, यालाही मर्यादा आहे. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारान्वये भारत व पाकिस्तान परस्परांना आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या देतात. १९९२ पासून दर १ जानेवारीस हा रिवाज पाळला जात आहे. पाकिस्तानला यादी देता येते, व्हिएन्नाला दप्तर दाखविता येते. मग समुद्रातील पाण्याचे व मासळीचे किरणोत्सर्गाचे मोजमाप चिंचणीच्या कोळ्यास त्याच्या भाषेत दरमहा सांगण्याने कोणते गुपित फुटणार आहे? बॉम्बचे गुपित निराळे आणि पाण्याचे मोजमाप निराळे. या दोहोंची सरमिसळ करणे सोयीचे असते. ते राष्ट्रहिताचे असतेच असे नाही.

माहिती खुली केल्याने आकाश कोसळत नाही, याचा अनुभव आपल्याला आहे. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा येथे अपघात झाला, तेव्हा तारापूरच्या जुन्या भट्ट्यांविषयी विशेष चिंता उत्पन्न झाली. कारण त्याही उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत आणि त्यांचाही आराखडा त्याच अमेरिकन कंपनीचा आहे. त्या वेळी अणुवीज महामंडळाने आपल्या केंद्रांची तपासणी केली आणि तिचे प्राथमिक निष्कर्ष जनतेपुढे ठेवले. त्याने घबराट वाढली नाही. उलट कमी झाली. या भट्ट्या मूळच्या २१० मेगावॉटच्या. पुढे त्यांची क्षमता १६० मेगावॉटवर आणण्यात आली आणि २०२० मध्ये दोन्ही दीर्घ दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या. पन्नास वर्षे वापरलेल्या यंत्राचे आयुष्य वाढवावयाचे तर ते कोणत्या परीक्षेअंती वाढविले, त्या परीक्षेत काय आढळले आणि पुढची परीक्षा केव्हा, हे लेखी व जाहीरपणे सांगणे हा उपकार नसून कर्तव्य आहे. चाळिशी उलटलेल्या पुलाची तपासणी जाहीर व्हावी असे आपण म्हणतो. पन्नाशी उलटलेल्या अणुभट्टीला निराळा न्याय का?

आता वाढवणकडे वळू. अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरांचे एक वर्तुळ आणीबाणीच्या योजनेसाठी आखले जाते, हा आपल्या नियामक व्यवस्थेचा प्रघात आहे. त्या वर्तुळात वाढवण येते. ही योजना राबविण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आहे. दर दोन वर्षांनी तिची तालीम घ्यावयाची असते. ही योजना जेव्हा प्रथम आखली गेली तेव्हा वाढवण-वरोर ही मच्छीमारांची व डायमेकरांची लहान गावे होती. आता तेथे ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर, महाकाय जहाजे, हजारो कामगार, नवा रस्ता व नवा लोहमार्ग येणार आहे. वर्तुळाचा व्यास तोच राहील. पण आतील माणसे अनेक पटींनी वाढतील. त्यातच नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तीत १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. कडाक्याच्या थंडीत आदिवासी कुटुंबांना तंबूंत रात्री काढाव्या लागल्या. अणुभट्ट्या याहून कितीतरी मोठ्या धक्क्यांचा हिशेब धरून बांधतात, यात शंका नाही. परंतु धक्का बसल्यानंतरच्या सकाळी 'केंद्रात सर्व ठीक आहे' हे सांगणारा कोण, आणि त्याच्या शब्दावर गावाचा विश्वास का बसावा, हा प्रश्न अभियंत्यांच्या आकडेमोडीने सुटत नाही. तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी ज्या अक्करपट्टी व पोफरणच्या लोकांना घरे सोडावी लागली, ज्यांचे पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यांना सरकारी आश्वासनाची किंमत शिकविण्याची गरज नाही.

सुदैवाने विश्वास कसा निर्माण करावयाचा, याचा धडा याच तालुक्याने देशाला दिलेला आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मधील आपल्या निधनापर्यंत त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणापुढे वारली शेतकरी, चिकूचा बागायतदार आणि वीज कंपनीचा वकील यांना सारखीच जागा होती. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राने धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. कंपनीने टाळाटाळ केली. प्राधिकरण मागे हटले नाही आणि २००७ मध्ये ती यंत्रणा उभी राहिली. याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला होता, आणि त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून संमती दिली. या दोन निर्णयांतील कोणता योग्य, यावर मतभेद आहेत आणि राहतील. परंतु दोन्ही निर्णय लेखी, कारणांसहित आणि जाहीर होते, म्हणूनच त्यांच्यावर वाद घालता येतो. औष्णिक केंद्र यामुळे बंद पडले नाही. ते वीज देत राहिले, आणि लोकांना आपले कोणी ऐकते असे वाटत राहिले.

जे धुराच्या बाबतीत शक्य झाले ते किरणोत्सर्गाच्या बाबतीत अशक्य का मानावे? आमची मागणी अवास्तव नाही. तारापूर परिसरासाठी एक कायम समिती नेमावी. तिचे अध्यक्षस्थान निवृत्त न्यायाधीशाकडे असावे आणि तीत अणुशास्त्रज्ञ, डॉक्टर, मच्छीमार व ग्रामपंचायती यांचे प्रतिनिधी असावेत. पाणी, हवा, दूध व मासळी यांची मोजमापे तिच्यापुढे यावीत आणि मराठीत प्रसिद्ध व्हावीत. जुन्या भट्ट्यांच्या आयुष्यवाढीचा परीक्षण-अहवाल, संरक्षणविषयक भाग वगळून, जाहीर करावा. वाढवण बंदर गृहीत धरून आणीबाणीची योजना नव्याने आखावी आणि बंदर चालू होण्यापूर्वीच तिची तालीम घ्यावी. भाभा केंद्राचे तारापूर येथील कारखाने यापुढे वैधानिक नियामक मंडळाच्या कक्षेत येणार की नाहीत, याचे सरळ उत्तर सरकारने संसदेत द्यावे. आणि व्हिएन्नाच्या सुरक्षा-पथकाला, जसे राजस्थानात बोलाविले तसे, तारापूरलाही बोलवावे.

तारापूरच्या शास्त्रज्ञांनी व कामगारांनी परकीयांनी इंधन रोखले असतानाही दिवे विझू दिले नाहीत, याचा आम्हांस अभिमान आहे. त्यांच्या कर्तबगारीवर आमचा आक्षेप नाही. त्यांच्याभोवती उभारलेल्या अबोल भिंतीवर आहे. तारापूरमधील तपासणी आपण प्रथम गरज म्हणून पत्करली आणि पुढे जगाचा विश्वास संपादण्यासाठी स्वेच्छेने चालू ठेवली; त्या धोरणाचे फळ २००८ साली मिळाले. ज्या राष्ट्राने परक्यांचा विश्वास मिळविण्यासाठी एवढा धीर धरला, त्याने चिंचणी, वरोर, वाढवण येथील स्वकीयांचा विश्वास मिळविण्यासाठी त्याच्या निम्मा तरी प्रयत्न करावा. व्हिएन्नाचा निरीक्षक मोजदाद करून विमानाने परत जातो. तारापूरच्या कुंपणाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या जो राहतो, हिशेब मागण्याचा पहिला अधिकार त्याचा आहे.